हे यंत्र लक्षात ठेवू?

उद्यमनगरात दुपारी लाइट गेली
की मग कळतं शेड किती बडबडत होतं ते.
लाइट आली, पण जुना ब्राउझर उघडेना.
नुसता गोल फिरत बसला,
जॉब न पकडता फिरणाऱ्या चकासारखा.

सायमा बागवान आमचा हिशोब बघते. वय तेवीस.
म्हणाली, काका, ह्याचं सगळं बंद झालंय आता,
मागनं कुणी दुरुस्तपण करत नाही.
दुसरा टाकूया, दोन मिनटं लागतील.
म्हटलं, चालतंय की हेच.
चालतंय कुठं, म्हणाली.

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं,
ह्याच टेबलाच्या पलीकडनं.

नवा आला. पांढराफेक, अजून ग्रीसचा हात न लागलेला.
आल्या आल्या विचारतोय,
जुन्यातलं काय काय आणू?
खुणा, इतिहास, पासवर्ड.
इतिहास नको म्हटलं.
सायमा हसली, काय बघत होता काका?
काय बघणार. बिडाचा भाव.
गुडघा दुखतो त्याचं एकदा.
आणि रात्री कधीतरी, शटर ओढायच्या आधी,
गोकुळ शिरगावात मगदूमांचं युनिट
कितपत वाढलंय ते.

पासवर्ड मात्र आण म्हटलं, माझ्या काय पाठ नाहीत.
आले. काळे ठिपके, ओळीनं, रिव्हेट मारल्यागत.
बाजूला डोळ्याचं चित्र होतं.
तिनं त्याच्यावर टिचकी मारली
आणि ठिपके उघडले:
जिनू,
मग ते ॲटचं वेटोळं,
मग एक्क्याण्णव.

एक्क्याण्णव साली पहिला लेथ घेतला आम्ही,
सेकंडहँड, बेडला खाच पडलेला.
जिनगोंडा मगदूम आणि मी.
साडेतीन वर्षं झाली, बोलत नाही.
सीएनसी घ्यायची का नाही, एवढ्यावरनं.
मी म्हटलं, चालतंय की हेच.
पाटीवरचं त्याचं नाव
पेंटरला तीनशे देऊन पुसून घेतलं,
आणि रोज सकाळी साडेनऊला
तेच नाव घालून
हा ब्राउझर माझं दार उघडत होता.
मला दिसत होते नुसते ठिपके.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक.
फर्मचा ईमेल उघडायला गेलो
तर नवा म्हणतो, हे यंत्र ओळखीचं नाही.
सहा आकडे पाठवलेत मोबाइलवर,
शेवटी सत्तेचाळीस असलेल्या.
माझ्या शेवटी बारा आहे.
सायमा म्हणाली, हा कुणाचा नंबर, काका?

पुण्याच्या पार्टीचं ड्रॉइंग त्या मेलात.
चारच्या आत पाहिजे.
लेथवरचा पोरगा माप विचारायला दोनदा येऊन गेला.
नंबर शोधावा लागला नाही.
बोटांनी आपला आपणच लावला.

तीन रिंगा झाल्या.
पलीकडं आमच्यासारखा खणखणाट नाही,
एकसारखी घूं, आणि पाणी पडल्याचा आवाज.
हॅलो कुणीच म्हटलं नाही.
म्हटलं, आकडे आलेत का?
आलेत, म्हणाला.
कोण चोर शिरतोय बघत होतो.
म्हटलं, नवीन ब्राउझर टाकलाय.
तू?
आणि तेच ते शिंक आल्यासारखं हसणं.
मग म्हणाला, लिही.

सात. शून्य. शून्य.
थांबून थांबून सांगत होता,
ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर सांगायचा तसा,
दोन आकड्यांच्या मध्ये मला 'हां' म्हणायला जागा ठेवून.
चार. एक. नऊ.
हां.

ईमेल उघडला. ड्रॉइंग होतं.
खाली एक चौकोन आला,
हे यंत्र लक्षात ठेवू?
ठेवलं की परत आकडे मागणार नाही, सायमा म्हणाली,
बाण चौकोनावर नेऊन थांबली.

राहू दे, म्हटलं.
रोज विचारेल, काका.
रोज नको गं,
महिन्यातनं एकदा विचारेल असं काही असतं का त्यात?

ती शोधायला लागली.
फोन माझ्या कानालाच होता.
त्यानंही ठेवला नव्हता.
पलीकडं कूलंटचं पाणी पडत होतं.